खुडूक कोंबडी आणि जिजीचा हात

माणसानं माफ करायला शिकावं, असं हल्ली मला सगळेच सांगतात. सून सांगते, सकाळी टीव्हीवर येणारे महाराज सांगतात, परवा गुडघ्याच्या डॉक्टरनंसुद्धा सांगितलं. मी ऐकून घेते. लहानपणी घरात मला डूख धरणारी पोर म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं. पण डूख धरायलाही कारण लागतं. माझ्या आयुष्यातली पहिली आणि सगळ्यात पक्की डूख मी एका वीतभर कोंबडीपायी धरली. ती कोंबडी गेली, जिच्यावर डूख धरली ती बाई गेली, माझे केस पांढरे झाले, तरी ती गोष्ट आठवली की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात. ते दिवस लिहून ठेवायचे तर त्या मुठींसकटच लिहिले पाहिजेत.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. घरात आबा, आई, मी, आणि आबांचा धाकटा भाऊ नाना नि त्याची बायको सुमनकाकू. काकू धुळ्याकडची होती. अंगानं बारीक, बोलणं कमी, पण हाताला चव अशी की तिनं खापरावर मांडे टाकले की गल्लीतली पोरं दारात येऊन उभी राहायची. दुपारी ती कळण्याची भाकरी थापायची तो आवाज मला शाळेतून येताना पार कोपऱ्यावरूनच ऐकू यायचा. आईची थाप जड आणि काकूची हलकी. आज चुलीपाशी कोण आहे ते मी घरात शिरण्याआधीच ओळखायची. काकूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. आई-आबांनी तिला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. नानाही बायकोला जीव लावून होता. पण आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, जिजीचं घर होतं.

जिजी म्हणजे माझी सख्खी आत्या, आबांची मोठी बहीण. गावातच दिलेली. माझी आजी लवकर वारली आणि नाना जिजीच्या कडेवरच मोठा झाला, त्यामुळे नानावर आपला हक्क बायकोपेक्षा जास्त, असं ती धरून चालायची. नाना तिच्यासमोर मान वर करत नसे. जिजीला लेकरं भरपूर आणि सगळी धडधाकट. त्यामुळे गावात तिच्या हाताला मान होता. कोणाच्या घरी लोणचं घालायचं असो, पेरणीची पहिली मूठ असो, नाहीतर कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायची असोत, ज्याला आम्ही रवण घालणं म्हणतो, जिजीला बोलावणं जायचं. अंडी लेकुरवाळीच्या हातानं ठेवली तरच पिल्लं निघतात, असं सगळ्या बायका मानायच्या. जिजी एकेक अंडं उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून बघायची आणि म्हणायची, "जित्तं शे." क्वचित एखादं बाजूला सारायची, "हाई मरेल शे." त्यात तिला काय दिसायचं ते देव जाणे.

टिचकी आमच्याकडे आली ती भुसावळहून. माझा मामा तिथं रेल्वेत होता. त्याच्या शेजारच्या क्वार्टरमधला गोरापान गार्ड आणि त्याची बायको कायमचे परदेशी चालले होते, आणि त्या बाईनं जाताना आपली कोंबडी मामाच्या हाती दिली. मामानं ती झाकणाच्या टोपलीत घालून पाचोऱ्यापर्यंत पॅसेंजरनं आणि तिथून एसटीनं आणली. टोपली उघडली तेव्हा आई हसायलाच लागली. "एवढीशी? हे पिल्लू आहे की कोंबडी?" मामा म्हणाला, "पुरी वाढलेली आहे अक्का. ही जातच बुटकी. मडमेची लाडकी आहे, जपा." पारव्यापेक्षा थोडी मोठी, रंग भाजलेल्या बाजरीचा, आणि दोन्ही पायांवर बोटांपर्यंत पिसं. पायात मोजे घातल्यासारखी ती अंगणभर मिरवायची. त्या हिवाळ्यात मानमोडीच्या साथीनं गावातल्या कोंबड्या पटापट मेल्या होत्या, कोंबडे तर औषधालाही उरले नव्हते, त्यामुळे ही बया अंगणात एकटीच राणी होती. मांजराला टोचायची, कुत्र्याच्या अंगावर जायची. काकूनं पहिल्याच दिवशी तिला ओंजळीत घेतलं आणि ती ओंजळीत झोपली. तेव्हापासून ती काकूची.

पण टिचकीला एक खोड होती. दहा-बारा अंडी घातली की ती खुडूक बसायची. चाऱ्याला उठायची नाही, पिसं फुगवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहायची, हात नेला की घशातून घरघर काढायची आणि चोच मारायची. अंगणात आलीच तर दिवसभर तिचं ते खुडूक खुडूक चाललेलं. खुडूक मोडायचे गावात ठरलेले उपाय होते: कोंबडीला गार पाण्यात बुचकळायचं, शेपटीला लाल चिंधी बांधायची, तिचंच एक पीस उपटून नाकपुडीतून आरपार घालायचं. या कामातही जिजीचा हात सराईत. ती एकदा बादली घेऊनच आली आणि काकू खुराड्यासमोर आडवी झाली. "राहू द्या जिजी. बसायचं आहे तिला, बसू द्या." जिजीनं बादली खाली ठेवली, काकूकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बठीसन काय निघनार शे, माय? खाली काही पाह्यजे ना." मी ओट्यावर बसले होते. ती कोंबडीबद्दल बोलत नव्हती हे कळायचं माझं वय झालेलं होतं.

मग आईनं ठरवलं की तिच्याखाली अंडी ठेवूच. गावात कोंबडाच नाही म्हटल्यावर टिचकीची अंडी काय कामाची? आबांनी भडगावच्या बाजारातून गावरान अंडी आणली, छान तांबूस रंगाची. टिचकी एवढीशी, तरी पंख पसरून तिनं पोटाखाली मावतील तेवढी घेतली. जिजी त्या आठवड्यात लेकीकडे गेली होती, म्हणून काकूनं स्वतःच्या हातानं रवण घातली. गव्हाच्या भुसाची गादी केली, विजेची बाधा नको म्हणून लोखंडी खिळा ठेवला, कोळसा ठेवला. तीन आठवडे ती दिवसातून दहादा त्या टोपल्यापाशी जायची. टिचकीला उन्ह लागू नये म्हणून तिनं आपलं जुनं लुगडं खुराड्यावर टाकलं. काकूला तसं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एकही पिल्लू निघालं नाही. सगळी अंडी नासली. जिजी परत आली, तिनं एक अंडं कानाशी हलवून पाहिलं, आणि पाणी भरायला जमलेल्या बायकांसमोर म्हणाली, "वांझना हातनी रवण कशी लागी? त्या मुक्या जीवले काबरं तीन हप्ते कोंडं?" त्या दिवशी काकू जेवली नाही. टिचकी रिकाम्या टोपल्यात आणखी कितीतरी दिवस बसून होती.

मी भडगावच्या शाळेत जायची. स्टँडच्या बाहेर एक अंडीवाला बसायचा. एकदा एसटी चुकली म्हणून मी त्याच्या मागच्या बाजूला सावलीत उभी होते, तर तो पातेल्यात चहाचं कडक पाणी करून त्यात पांढरीधोप अंडी बुडवत होता. बुडवायची, गोणपाटावर वाळवायची, की झाली गावरान. माझ्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "कुणाला सांगू नको ताई, खायला सारखीच लागतात." मी विचारलं, "यातून पिल्लं निघतील का?" तो म्हणाला, "फारमच्या कोंबडीनं कोंबडा जन्मात बघितला नाही, पिल्लं कुठून निघतील?" माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी जाऊन दप्तरही न ठेवता मी जिजीच्या ओट्यावर गेले. चार बायका बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ती अंडी फारमची होती, चहात रंगवलेली, काकूच्या हाताचा काही दोष नव्हता. जिजीनं बिबड्यांवरची नजरही काढली नाही. म्हणाली, "अंडं कोठलं बी राहो, बेबी. अंडं नही, हात देखाना ऱ्हास." पाहायचा तो हातच, अशा बायकांनी माना डोलावल्या. मी तिथून उठले, पण ते वाक्य शब्दन् शब्द घेऊन उठले आणि घरी येऊन काकूला तसंच्या तसं सांगितलं.

पुढे कळलं की जिजीच्या मनात वेगळंच शिजत होतं. तिच्या सासरकडच्या नात्यातली पारोळ्याची एक मुलगी तिनं नानासाठी हेरून ठेवली होती. पहिली बायको घरात असताना दुसरी करणं कायद्यात बसत नाही हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाईला मूल नाही आणि तिनं स्वतः हो म्हटलं, की गावात कोणी तोंड उघडत नसे. म्हणून काकूकडून हो वदवून घ्यायचं, नाहीतर तिला धुळ्याला माहेरी पोचवायचं, असा डाव होता. माहेरी तिचे आईवडील कधीच गेले होते, भावजय तिला दारात उभं करणारी नव्हती. आबा या गोष्टीच्या विरोधात होते, पण मोठ्या बहिणीपुढे आवाज चढवायची रीत नव्हती. नाना तर मान खाली घालून विहिरीवरच्या इंजिनाला तेल घालत बसायचा. बायकोला जीव लावणारी माणसं अशा वेळी कुठे जातात, हे मला अजून समजलेलं नाही.

चैत्रात टिचकी पुन्हा खुडूक बसली. आता गावात कोंबडे झाले होते, आणि काकू तिच्याखाली घालायला खरी अंडी जमवू लागली होती. तेवढ्यात जिजी आली आणि खुडूक मागू लागली. आमच्याकडे रीत होती. एखादीकडे अंडी असली पण बसणारी कोंबडी नसली, तर ती शेजारणीची खुडूक उसनी नेते आणि पिल्लं निघाली की कोंबडीबरोबर दोनचार पिल्लंही परत आणून देते. खुडूक मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. काकू नाही म्हणाली नाही. तिनं टिचकीला टोपलीसकट उचलून दिलं आणि मागून मूठभर ज्वारीही दिली, वाटेत खायला. वाट ती केवढी, तर गल्ली ओलांडायची.

दोनतीन दिवसांनी जिजीकडे पारोळ्याचे पाहुणे येणार होते. मुलीचा बाप स्वतः घर बघायला येणार. जिजीनं निरोप धाडला की काळा मसाला वाटायला सुमनला पाठवा, तिच्यासारखा कोणाला जमत नाही. आई म्हणाली जाऊ नको. काकू गेली, कारण न जाण्याची छाती तिच्यात नव्हती. मी तिच्याबरोबर गेले. सवतीच्या बापासाठी ती पाट्यावर मसाला वाटत होती आणि तिच्या कपाळावरचा घाम पाट्यावर पडू नये म्हणून मी ओढणीनं टिपत होते. रस्सा उकळला, वर लाल तवंग आला. जिजीनं पळीभर रस्सा वाटीत काढला आणि काकूपुढे धरला. "सुमन, मीठ चाखी देख." काकूनं चाखला. म्हणाली, "बरं शे."

मी राख टाकायला परसात गेले. उकिरड्यावर जिजीची मांजर कशाशी तरी झोंबत होती. मी तिला हुसकलं. राखेत दोन पाय पडले होते, बोटांपर्यंत पिसं असलेले. अख्ख्या गावात तसे पाय एकीचेच होते. मी ते उचलून ओढणीत गुंडाळले आणि आत जाऊन काकूसमोर ओढणी उघडली. काकूनं एका पायाच्या पिसांवरची राख पदरानं पुसली. मग उठली, परसातल्या भिंतीला हात लावून उभी राहिली आणि भडभडून ओकली. खुडूक कोंबडी कोणी कापत नाही. भुकेला माणूसही कापत नाही. बसणीवरच्या जिवाला हात लावू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवलेलं असतं. मी जिजीला विचारलं, काय विचारलं ते आठवत नाही, ओरडलेच बहुतेक. पाहुणे ओसरीवर होते म्हणून ती हळू आवाजात बोलली, पण एकेक शब्द काकूला ऐकू जाईल असा. "खुडूकच व्हती ना. अंडं नही, पिल्लू नही, नुस्ती बठीसन खाये. आशी पोशीसन काय करनं?"

पाहुणे जेवून तृप्त झाले. बोलणी पुढे गेली. मी ते दोन पाय आमच्या परसात शेवग्याखाली पुरले आणि त्यावर हात ठेवून म्हटलं की जिजी, हे मी तुझ्याकडून वसूल करीन. आज हसू येतं का? नाही येत.

संधी जिजीनंच हातात दिली. आमच्या गल्लीतल्या बायकांत एक जुनी चाल होती. घरात लग्नाचं घाटत असलं की नवऱ्या मुलाच्या नावानं रवण घालायची. अंडी त्याच्या घरून यायची, ती कुवारी पोरीनं आणायची, आणि लेकुरवाळीनं ठेवायची. जेवढी पिल्लं तेवढी लेकरं, असा शकुन. जिजीला पारोळ्याच्या पाहुण्यांना हे दाखवायचं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ते पुन्हा येणार, त्याच सुमाराला पिल्लं निघतील, त्या चिवचिवाटात सुपारी फोडायची, असा तिचा बेत. आमच्या घरची अंडी हवीत आणि घरातली कुवारी पोर मीच. ती मला म्हणाली, "बेबी, राग थुंकी टाक. अंडा तूच ली ये." मी म्हणाले, "हो जिजी."

आखाजीला बांगड्या भरायला आईनं दिलेले पैसे घेऊन मी भडगावला त्या अंडीवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडची लहानात लहान पांढरी अंडी निवडून घेतली. तो म्हणाला, "रंगवून देऊ?" मी म्हटलं, "मी रंगवते." आई-काकू शेतात गेल्या होत्या. घरातली चहाची सगळी पूड मी एका पातेल्यात उकळली. पहिली दोन अंडी फार काळपट झाली, मग हात बसला. संध्याकाळी काकू चहा करायला गेली तर डबा रिकामा. तिनं चुलीमागच्या पातेल्याकडे पाहिलं, त्याच्या कडेला लागलेला तपकिरी डाग बोटानं पुसला, आणि माझ्याकडे पाहिलं. जिजीकडे न्यायची म्हणून काढलेली आमची खरी गावरान अंडी मी तिच्या पदरात टाकली. "ही कुठली?" तिनं विचारलं. "आपलीच. आपली काळी कोंबडी खुडूक बसली आहे ना, तिच्याखाली ठेव. तुझ्या हातानं." तिनं पदर सावरून अंडी पोटाशी धरली. बाहेरून आबांनी चहा मागितला तेव्हा तिनं सांगितलं की पूड मांजरानं सांडली. उजेड असेपर्यंत काळीच्या टोपल्यात नवा भुसा पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीनं भरलेल्या टोपलीत ती चहाची अंडी घालून जिजीच्या अंगणात नेली. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. जिजीनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं नेहमीप्रमाणे एकेक अंडं उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "जित्तं शे. हाई बी जित्तं शे." एकही मेलेलं निघालं नाही. प्रत्येक अंड्याला तिनं हळदकुंकू लावलं आणि नुकत्याच खुडूक बसलेल्या आपल्या तांबड्या कोंबडीखाली सारलं. एकजण म्हणाली, "जिजी, उन्हाळा फार शे, रवण लागी का?" जिजी म्हणाली, "मना हातले ऊन ना थंड." हेही सगळ्यांनी ऐकलं. मी तर कान टवकारून ऐकलं.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड आठवडे. शाळेला सुट्टी लागलेली, आंब्याचे दिवस, निंबाच्या झाडाला झोके टांगलेले, आणि मी झोक्यावर बसून समोरच्या घराकडे बघायची. जिजी तांबडीला स्वतःच्या हातानं दाणा-पाणी करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की नानाच्या नावाची रवण आहे. मी मनात म्हणायची, बस बाई, बस. बिचाऱ्या तांबडीचं मला वाईट वाटायचं, तिचा काही गुन्हा नव्हता. पण टिचकीचा तरी कुठे होता?

आखाजीच्या आदल्या दिवशी पारोळ्याचे पाहुणे आले. आबा, नाना, आई, काकू, आम्हा सगळ्यांनाच जिजीनं बोलावून घेतलं होतं. तांबडीखाली काही हालचाल नव्हती. जिजी म्हणाली की अंडी पाण्यात सोडून बघू. अशी रीतच आहे. कोमट पाण्यात सोडलं की जिवंत अंडं आतल्या पिल्लाच्या धडपडीनं डुलतं. घंगाळात कोमट पाणी आलं. सगळे वाकून बघायला लागले, मुलीचा बापही. जिजीनं अंडी सोडली. एकही डुललं नाही. पाणी मात्र हळूहळू रंग धरू लागलं. आधी कुंकवाचं लाल, मग हळदीचं पिवळं, मग चहाचं. जिजी गोंधळून अंडी हातानं फिरवायला लागली आणि तिच्या बोटांखालून ती पांढरी होत वर आली. नेमक्या त्याच वेळी, गल्लीच्या पलीकडून, आमच्या परसातून बारीक चिवचिव ऐकू आली. काळीची पिल्लं पहाटेपासूनच निघायला लागली होती.

जिजीच्या लक्षात आलं. ती माझ्याकडे बोट करून किंचाळली, "फारमना अंडा! चहामा रंगाडेल! या कार्टीनी फसाडं माले! यामातून पिल्लू कसं निघी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू पुढे झाली. माझी काकू, जी कधी कोणाला उलटून बोलली नव्हती. आवाज चढवला नाही, डोक्यावरचा पदरही ढळू दिला नाही. म्हणाली, "अंडं कोठलं बी राहो, जिजी. हात देखाना ऱ्हास. हात कोना व्हता?"

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग दुसरी हसली. अंडी जबाबदार म्हणावीत, तर काकूला वांझ हाताची ठरवलं ते खोटं. हात जबाबदार म्हणावा, तर हात जिजीचा. शिवाय प्रत्येक अंडं उन्हात धरून तिनंच जिवंत ठरवलेलं. जिजीनं रागानं हातातलं अंडं इतकं आवळलं की ते फुटलं. तीन आठवडे उन्हाळ्यात उबवलेलं अंडं फुटल्यावर काय होतं ते ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक. हातावर, नव्या लुगड्यावर, आणि पाहुण्याच्या धोतरावरसुद्धा ते उडालं. पाहुणा नाकाला उपरणं लावून उठला. म्हणाला, "शकुन काही बरा नही," आणि बैलगाडीकडे चालू लागला. नाना इतका वेळ खाली मान घालून उभा होता. तो काकूपाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चाल, घर चाल. पिल्ला निघेल शेतस." त्याला त्याहून जास्त बोलता येत नव्हतं, पण तेवढं पुरलं. दुसऱ्या बायकोचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

घरी आबांनी मला दोन थपडा लगावल्या, वडीलधाऱ्यांची थट्टा केली म्हणून. मी गाल चोळत परसात गेले आणि काकूच्या ओंजळीतली पिल्लं बघत बसले. त्या थपडा मला आजही स्वस्त वाटतात.

काकूला पुढेही मूल झालं नाही. मामानं भुसावळहून तशीच एक मोजेवाली आणून दिली, आणि तिच्या वंशावळीनं काकूचं अंगण भरून गेलं. गावातल्या बायका आता रवण घालायला काकूलाच बोलवायच्या. जिजीला कोणी बोलवेनासं झालं. मी लग्न होऊन धुळ्याला आले, तरी दर आखाजीला माहेरी गेले की आधी समोरच्या ओट्याकडे नजर टाकायची. जिजी एकटी बसलेली दिसली की मला सणाचा पहिला घास तिथंच मिळायचा.

शेवटच्या वर्षी जिजी अंथरुणाला खिळली. सुना उभं करत नव्हत्या. डॉक्टरांनी ताकदीसाठी कोंबडीचं पाणी द्यायला सांगितलं होतं आणि ते रोज काकू करून न्यायची. मला संताप यायचा. मी म्हटलं, "तिला? टिचकीला कापणारीला?" काकू म्हणाली, "तू चाल तर खरी." मी गेले. जिजी वाळून एवढीशी झाली होती. काकूनं तिला पाठीशी उशी लावून बसवलं, वाटी तोंडाशी धरली आणि म्हणाली, "मीठ चाखी देखा, जिजी." जिजीनं मोठा घोट तोंडात घेतला. बरा लागला असावा, डोळे निवले. ते बघून काकू त्याच शांत आवाजात पुढे म्हणाली, "खुडूक व्हती. अंडं नही, पिल्लू नही."

जिजीचा घोट तोंडातच राहिला. तिला गिळवेना आणि थुंकवेना. ती काकूकडे बघत राहिली, आणि काकू पदरानं तिच्या हनुवटीवरचा ओघळ पुसत राहिली. मग वाटी खाली ठेवून आम्ही दोघी निघालो.

गल्लीत आल्यावर मी काकूचा दंड धरला. "खरंच खुडूक कापलीस?"

काकू थांबली. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"खुडूक कोंबडी मी कापसू का वं?" ती म्हणाली. "बॉयलर शे, भडगावनी."